पेटीवाल्यांसाठी मिडी

मंडळी, मिडी म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांची आपसात बोलायची भाषा. तिच्या वायरमधून आवाज जात नाही, आकडे जातात. पट्टी दाबली की कीबोर्ड तीन आकडे पाठवतो: कोणत्या चॅनेलवर सूर सुरू करायचा, कोणती पट्टी, आणि ती किती जोरात दाबली. बोट उचललं की 'बंद'चा निरोप वेगळा जातो. त्याचा आवाज करायचा तो कॉम्प्युटरमधल्या वाद्याने. म्हणून काही किलोबाइटची मिडी फाइल तुम्ही कुणाला पाठवलीत, तर तुमची पेटी त्याच्याकडे पियानो होऊन वाजण्याची शक्यता दाट. आवाज पोचवायचा असेल तर जोडीला वेव्ह फाइल, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाची फाइल, पाठवा.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत, अॅनाहाइमच्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले गेले. तेव्हा ठरलेला वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराचा निरोप जायला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. यूएसबीवर तर त्याहून कमी. तेव्हा पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर मिडीला दोष देऊ नका. उशीर ऑडिओच्या बफरमध्ये होतो, म्हणजे आवाजाचे नमुने (सॅम्पल) वाजण्याआधी जिथे साठतात तिथे. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला तितके नमुने असताना, १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे सुमारे ३. वाजवताना १२८ ठेवा. मिक्सिंगला बसलात की वाढवा, नाहीतर आवाज तडतडतो. विंडोजवर आसिओ (ASIO) हा उशीर कमी करणारा ऑडिओ ड्रायव्हर घ्या, मॅकला वेगळं काही लागत नाही. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी ब्लूटूथ हेडफोन कानाला लावू नका, त्याचा उशीर बफरच्या कितीतरी पट असतो.

कीबोर्डचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला तो दिसत नाही, असं झालं तर आधी केबल बदला. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून वीज जाते, निरोप जात नाही.

आता आकड्यांकडे येऊ. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी चार ६५, काळी पाच ७०. या ६० ला काही सॉफ्टवेअर सी-३ म्हणतात, काही सी-४. नावाच्या भानगडीत न पडता आकडा पाहावा. गाणं पांढरी चारमध्ये बसवलंय आणि गायिका ऐनवेळी काळी पाच मागते? पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर पट्ट्यांसारखे मांडून दाखवणाऱ्या खिडकीत, सगळे सूर निवडा आणि पाच घरं वर सरकवा. फक्त ड्रमचा ट्रॅक त्यात धरू नका. तिथे आकडा म्हणजे सूर नसतो, वाद्य असतं. जनरल मिडी या सर्वमान्य मांडणीत, १० व्या चॅनेलवर, ३६ म्हणजे किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट. पाच घरं सरकवलंत की किकच्या जागी फ्लोअर टॉम वाजायला लागतो. तबल्याच्या सॅम्पलचंही, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या बोलांचंही, तेच, 'ना'च्या जागी भलताच बोल.

पेटीवाल्यांची खरी अडचण पुढेच आहे. पट्टी किती जोरात दाबली तो आकडा म्हणजे व्हेलॉसिटी. पियानोत त्यावर आवाज ठरतो. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज ठरवतो तो भाता. सॅम्पलच्या पेटीत व्हेलॉसिटीवर आवाज वर-खाली होऊ दिला तर ती पेटी वाटतच नाही. सगळ्या सुरांची व्हेलॉसिटी ९० च्या आसपास सारखी करून टाका आणि भात्याचं काम कंट्रोल क्रमांक ११ ला द्या, म्हणजे एक्स्प्रेशनला. कंट्रोल म्हणजे चाक, पेडल यांचे निरोप, त्यांनाही क्रमांक असतात. कीबोर्डवरचं मॉड्युलेशनचं चाक मुळात १ नंबर पाठवतं, ते सॉफ्टवेअरमध्ये ११ ला जोडून घ्या. उजव्या हाताने वाजवा, डाव्याने चाक फिरवा. पेटीवाल्याला ही सवय नवी नाही. ७ नंबर हा ट्रॅकचा एकूण आवाज, तो मिक्सिंगसाठी राखून ठेवा. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला ११ ची एक किंमत लिहून ठेवा, नाहीतर मागच्या वेळी जिथे चाक थांबलं होतं तिथूनच, दबलेल्या आवाजात, गाणं सुरू होतं.

पेटीवर मींड निघत नाही. इथे ती पिच बेंडने, म्हणजे सूर चढवण्या-उतरवण्याच्या चाकाने, निघते. पण किती? बहुतेक वाद्यांत चाक पूर्ण वर नेलं की सूर दोन स्वरांतरं (काळ्या धरून दोन पट्ट्या) चढतो, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंत. सा ते शुद्ध म ही मींड पाच स्वरांतरांची. ती हवी तर वाद्याच्या सेटिंगमध्ये बेंड रेंज वाढवा, १२ करा. रेंज वाजवायच्या आधी ठरवा. २ वर रेकॉर्ड केलेलं नंतर १२ वर ऐकलंत तर प्रत्येक मींड सहापट लांब जाते. शिवाय बेंड पूर्ण चॅनेलला लागतो, तेव्हा तानपुरा त्याच चॅनेलवर असेल तर तोही गायला लागेल. त्याचा ट्रॅक आणि चॅनेल वेगळे ठेवा.

गंधाराचं काय, असा प्रश्न येतोच. तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणारा शुद्ध गंधार सा च्या कंपनसंख्येच्या ५/४ पट, आणि कीबोर्डचा त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका स्वरांतराचे सेंट १००. बेंड साधारण −८१९२ ते +८१९१ असा दिसतो. रेंज २ असेल तर गंधारावर −५६१ लिहा, १२ असेल तर −९३. पुढच्या मध्यमाआधी ० वर आणायला विसरलात की तोही उतरतो.

क्वांटाइझ, म्हणजे सूर तालाच्या रेषांवर (ग्रिडवर) ओढून घेणं, जपून वापरा. दादऱ्याला आधी ६/८ ची मोजणी लावा. क्वांटाइझचा जोर १०० टक्के नको, ५०-६० पुरे. कणस्वरांवर तर तो लावूच नये. कण आणि मुख्य सूर दोन्ही एकाच रेषेवर येऊन बसतात आणि तुम्हाला कणाऐवजी एकत्र वाजणारे दोन सूर ऐकू येतात. आधी कण वगळून बाकीचे सूर निवडा, मग क्वांटाइझ करा.

एखादा सूर सुटतच नसेल तर त्याच्या 'बंद'चा निरोप हरवला, असं समजा. सॉफ्टवेअरमधलं, सगळे सूर एकदम थांबवणारं पॅनिकचं बटण दाबा. सगळेच सूर लांबत असतील तर सूर धरून ठेवणारं सस्टेन पेडल तपासा. त्याचा कंट्रोल क्रमांक ६४. किंमत ६३ पर्यंत पेडल वर, ६४ पासून खाली. कीबोर्ड सुरू करताना पेडलवर पाय असला तर बरेच कीबोर्ड उलटं समजतात. पाय काढा, कीबोर्ड बंद करून पुन्हा सुरू करा.