माशाच्या पिल्लाचा पहिला घास

नमस्कार श्रोतेहो, आज माशांची पिल्लं खायला कशी शिकतात त्यावर जरा बोलू. आपल्याला वाटतं मासाच तो, पोहता आलं की खाता आलंच, पण तसं अजिबात नाहीये. बरेचसे समुद्री मासे अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा जेमतेम 2 ते 4 मिलिमीटरचे असतात, तोंड उघडलेलं नसतं, डोळेही तयार नसतात, पोटाला चिकटलेल्या बलकाच्या पिशवीवर काही दिवस निघतात. ती संपायच्या आत शिकार जमली तर ठीक, नाहीतर खेळ खल्लास. काही दिवस उपाशी राहिलं की मग समोर खाणं आलं तरी पिल्लाच्या अंगात पकडायची ताकदच उरत नाही.

झेब्राफिश म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा एक छोटा मासा, त्याचं पिल्लू साधारण पाचव्या दिवशी शिकार सुरू करतं. भक्ष्य दिसलं की दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, शेपटीला हलके हलके झटके देत ते भक्ष्य बरोब्बर समोर घेतं आणि मग एकदम झेप. पण सुरुवातीला यातल्या कितीतरी झेपा वाया जातात, आणि याचं कारण मला तरी फार भारी वाटतं. मासा तोंड झटकन उघडून पाणी आत ओढतो, त्याबरोबर भक्ष्य येतं, पण एवढ्याशा जिवाला तेच पाणी मधासारखं चिकट लागतं, ओढ जोर धरत नाही. 2014 साली इस्रायलच्या संशोधकांनी सी ब्रीम नावाच्या समुद्री माशाच्या पिल्लांवर हे तपासलं, पाणी मुद्दाम घट्ट केलं तर मोठ्या पिल्लांचीही शिकार कमी झाली. म्हणजे नुसतं शिकून भागत नाही, अंगानं वाढावंच लागतं.

नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी 1914 मध्येच म्हटलं होतं की एखाद्या वर्षी मासळी भरपूर का आणि दुसऱ्या वर्षी कमी का, हे पिल्लांच्या या पहिल्या खाण्यावर ठरत असावं.

हॅचरीवाले, म्हणजे माशांची पिल्लं तयार करणारे, म्हणूनच तोंडाच्या मापानं खाणं देतात, आधी रोटिफर नावाचे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव, मग आर्टेमिया या कोळंबीसारख्या छोट्या जिवाची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची पिल्लं. कोरडं खाद्य लगेच चालत नाही, कारण बऱ्याच जातींत जठरच नंतर तयार होतं. कार्प माशाला तर ते कधीच येत नाही, तरी मस्त वाढतो पठ्ठ्या!