साहेबाच्या खुर्चीवर आमच्या गोधड्या

नमस्कार मंडळी, बाहेर पाऊस लागलाय तर आज तुम्हाला महाबळेश्वरातल्या एका जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये नेतो, चपला काढू नका, साहेबाचं घर आहे ते.

1829 साली मुंबईचा इंग्रज गव्हर्नर माल्कम यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतलं, बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं, आणि मग हे जांभ्याचे बंगले उभे राहत गेले. त्यातल्याच एकात माझे आजोबा रखवालदार. मालक बदलले पण हॉल तसाच, फायरप्लेस, वर डाग पडलेला आरसा, आणि दोन आरामखुर्च्या, त्यांच्या हाताखालून फळी फिरवून बाहेर काढायची की त्यावर पाय टाकून मस्त पडता यायचं. पाठीवर क्रोशाचे रुमाल. मला वाटायचं शोभेचे, पण ते तेलासाठी! तेव्हाचे गोरे लोक डोक्याला मॅकॅसर तेल चोपडायचे, त्याचे डाग पडू नयेत म्हणून. म्हंजे आमची आजी उशीवर जुनं धोतर टाकायची तेच की हो.

खुर्च्यांचा वेत कुणी विणला देव जाणे, पण महाबळेश्वरात 1864 पर्यंत चिनी कैद्यांचा तुरुंग होता आणि वेताच्या टोपल्या विणायला इथले लोक त्यांच्याकडूनच शिकले, हे मला लय भारी वाटतं.

आता खरी गंमत. जूनमध्ये पाऊस आला की साहेब लोक खाली उतरायचे, पुढच्या मालकांचीही तीच रीत. भिंतींना बाहेरून कुलुम गवताच्या तट्ट्या बांधायच्या, आत दिवसा पण अंधार, आणि दमट तर एवढं की सोफ्यावर हिरवी बुरशी धरायची आणि कपाटाचं दार फुगून बसायचं. म्हणून आजोबा रोज फायरप्लेस पेटवायचे, म्हंजे चार महिने तो जाळ फक्त फर्निचरसाठी! आजी असला जाळ वाया घालवणारी नव्हती, खुर्च्या पुढं ओढून त्या लांब हातांवर आमच्या ओल्या गोधड्या, चड्ड्या, आजोबांची घोंगडी सगळं वाळत टाकायची आणि मी खाली मक्याचं कणीस भाजत बसायचो.

ऑक्टोबरात रुमाल धुऊन परत पाठीवर. पाहुणे टेकले की नाक उडवत विचारायचे, खुर्चीला धुराचा वास कसला ओ?

आजोबा म्हणायचे, जुनी हाय साहेब.