विदूषक कुणब्याच्या बाजूला

१८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले, आणि कमिटीने ते नाकारले. नाटकातला जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि पोटातल्या बाळाच्या निमित्ताने त्या गरीब जोडप्याला अनुष्ठानाच्या व ब्राह्मणभोजनाच्या खर्चात उतरवतो. हा व्यवहार चालू असताना विदूषक मात्र त्याचा एकेक डाव प्रेक्षकांपुढे उघडा करत राहतो. संस्कृत नाटकातला विदूषक हा बहुधा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. फुल्यांनी त्याला राजवाड्यातून काढून कुणब्याच्या बाजूला आणले. नाटकातली सर्वांत धाडसी गोष्ट हीच म्हणावी लागेल.

१८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याचे जलसे, म्हणजे गाणी आणि सोंगांतून प्रबोधन करणारे खेळ, गावोगावी फिरू लागले. गण, गौळण, वग हा तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला असल्यामुळे जलसाकारांनी तो मोडला नाही, आतला ऐवज तेवढा बदलला. ज्याला कर्जखत वाचता येत नाही त्याला व्याजाचा जाच भाषणातून पटवणे अवघड असते. पण सोंगाड्याने, म्हणजे तमाशातल्या विदूषकाने, वेड पांघरून सावकाराला दोन साधे प्रश्न विचारले आणि उत्तर देताना सावकाराची बोबडी वळली, की समोर बसलेल्या ऋणकोला आपल्या भीतीचेच हसू येते.

१९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी ही परंपरा पुढे नेली. त्यांच्या थट्टेचा रोख केवळ सवर्णांकडे नव्हता. आपल्याच वस्तीतली अंधश्रद्धा आणि व्यसने यांनाही त्यांनी सोडले नाही. (तमाशातला सगळाच विनोद न्यायाच्या बाजूचा होता असे मात्र नाही, बायकांवरच्या टवाळीवर त्यातला बराच हशा पोसला गेला.)

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी कम्युनिस्ट विचारांचे लाल बावटा कलापथक उभे केले. अशा पथकांपुढे सरकारची मोठी अडचण होत असे. लेखी संहितेतल्या ओळी खोडता येतात, पण बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादात, समोरच्या पाटलाकडे पाहून आयत्या वेळी सुचलेले वाक्य कोणत्या कागदावर खोडणार? पुढे मुंबई सरकारने पथकावरच बंदी घातली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र हेच तिघे सभासभांतून सरकारची टर उडवत पुन्हा लोकांपुढे उभे राहिले.