दुपारपर्यंत करपतं, मूळ मात्र राहतं

विदर्भातलं कपाशीचं रान. सकाळचे आठ वाजलेत. पावसाची झड उघडली, पण वाफसा नाही, म्हणजे माती अजून चालण्याजोगी सुकलेली नाही, त्यामुळे तण काढायचा डवरा चालत नाही. निंदायला बाया मिळत नाहीत आणि तण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बरोबरीला आलंय. अशा वेळी दुकानातून बाटली येते पॅराक्वाट या तणनाशकाची.

नोझलला लावलेलं हे हुड, म्हणजे फवारा इकडेतिकडे उडू न देणारं झाकण, बघा. हे तणनाशक पीक आणि तण असा भेद करत नाही. ज्या हिरव्या पानावर पडेल ते जाळतं. म्हणून वारा पडलेला असताना, हुड जमिनीलगत धरून, दोन ओळींच्या मधोमध फवारायचं. पाणी नितळच हवं. गढूळ पाण्यातल्या मातीला हे रसायन घट्ट चिकटतं आणि फवारणी वाया जाते.

आता दुपार झाली. सकाळी तरारलेलं काटेमाठ या तणाचं हे पान उकळत्या पाण्यातून काढल्यासारखं लुळं पडलंय. उन्हात पान अन्न तयार करत असतं. पॅराक्वाट त्यातले इलेक्ट्रॉन मधेच पळवून ऑक्सिजनला देतं. त्यातून तयार होणारं ऑक्सिजनचं दाहक रूप पेशींची आवरणं फाडतं. ऊन कडक, तितकं करपणं लवकर.

पण काही दिवसांनी पुन्हा इथे या. लव्हाळा हे तण परत फुटलेलं दिसेल. औषध मुळापर्यंत उतरतच नाही, मातीतली गाठ शाबूत राहते.

१९६२ साली ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने पॅराक्वाट बाजारात आणलं. युरोपीय संघात २००७ पासून त्याला परवानगी नाही. कारण पानात जे घडतं, तेच माणसाच्या फुफ्फुसात घडतं. चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. धाप लागलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लावतानाही डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो, कारण त्या ऑक्सिजननेच इजा वाढते. म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास, निळसर रंग आणि उलटी करवणारं औषध मिसळतात. तरीही उरलेलं औषध पाण्याच्या नाहीतर सरबताच्या बाटलीत ओतून घरात ठेवलं जातं. हे थांबलंच पाहिजे.

आणि फवारणाऱ्याच्या या पाठीकडे बघा. पंपाचं झाकण गळतंय, सदरा कमरेपर्यंत ओला झालाय. अंगावर असं तासन्‌तास राहिलेलं औषध कातडीतूनही आत जातं. हा सदरा संध्याकाळी घरी नाही, आत्ता, इथे धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, उतरवायचा आणि पाठ साबणाने धुवायची. बादली आणि साबण पंपासोबतच रानात आणायचे.