आठ पायांची चिप

[मदरबोर्डचा क्लोज-अप. कॅमेरा प्रोसेसरच्या खोबणीवरून सरकत खालच्या कोपऱ्यात येतो.]

पंखा फिरतोय, दिवे लागलेत, स्क्रीन मात्र काळी. दुकानाच्या भाषेत, ‘नो डिस्प्ले’. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडवरच्या या टेबलावर असे बोर्ड नवे नाहीत. याचा प्रोसेसर ठणठणीत आहे, रॅमही. बायोस, म्हणजे कंप्युटर जागा करणारा पहिला प्रोग्रॅम, अपडेट होत असताना वीज गेली, एवढंच झालं.

कोपऱ्यात ती बायोसची चिप दिसतेय? करंगळीच्या नखाहून लहान, आठ पायांची. पाठीवर २५क्यू१२८ असं कोरलंय, म्हणजे १२८ मेगाबिट, १६ मेगाबाइट. बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी हिच्यातल्या सूचना वाचतो. रॅम कशी जागी करायची, डिस्क कुठे शोधायची, सगळं हिच्यात. विंडोजची पाळी फार नंतर येते.

[ग्राहक, टेबलापलीकडून: “दादा, नवीनच बोर्ड टाकू का?” कारागीर: “थांब रे, आधी डंप तर काढू दे.”]

डंप म्हणजे चिपमधल्या मजकुराची जशीच्या तशी नक्कल. आता हातांकडे बघा. चिपला चिमट्यासारखी धरणाऱ्या क्लिपच्या तारांत एक लाल आहे आणि चिपच्या एका कोपऱ्यावर बारीकसा ठिपका. लाल तार ठिपक्याकडे. उलटी लागली तर चिप जळू शकते, म्हणून टॉर्च मारून पुन्हा एकदा खात्री. बोर्डाची वीज काढलेली, गोल सेलही बाहेर. तारांचं दुसरं टोक चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सीएच३४१ए नावाच्या प्रोग्रॅमरला, आणि तो लॅपटॉपच्या यूएसबीला. काहीशे रुपयांची वस्तू. फक्त त्याच्या काही काळ्या आवृत्त्या डेटाच्या तारांवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट सोडतात, तेवढं मीटरने तपासून घ्यावं. आणि चिप १.८ व्होल्टची असेल, तर मध्ये वेगळा अडॅप्टर हवाच.

चिप एकदा वाचली. आता पुन्हा वाचायची. दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या, तरच क्लिप नीट बसली असं धरायचं.

[स्क्रीन: डावीकडे चांगली फाइल, उजवीकडे या बोर्डाची.]

उजवी बाजू बघत राहा. आकडे, अक्षरं, आकडे… आणि इथून पुढे नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ. या चिपसारख्या फ्लॅश मेमरीत जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसलेल्या जागी एफएफ उरतं. चांगल्या फाइलमध्येही रिकाम्या जागा एफएफच असतात, म्हणून दोन्ही शेजारी उघडल्यात. डावीकडे जिथे मजकूर आहे, तिथेच उजवीकडे कोरं. पुसून झालं होतं, लिहायचं राहिलं होतं.

कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून थेट चिपमध्ये लिहिली, की काम झालं? काही बोर्डांवर होतंही. पण काही कंपन्यांच्या फाइलला पुढे जादा मजकुराचा तुकडा, म्हणजे हेडर असतो, तो कापावा लागतो. आणि अनेक बोर्डांत मॅक पत्ता (नेटवर्कवरची बोर्डाची ओळख), सिरीयल नंबर याच चिपमध्ये असतात. साइटवरच्या फाइलमध्ये ते नसतात. कारागीर ते जुन्या डंपमधून उचलून नव्या फाइलमध्ये बसवतोय. बिघडलेला डंपही फेकायचा नाही, तो यासाठी. पुसलं गेलं त्यातच हा भाग असता, तर मात्र हात टेकले असते. बोर्ड चांगला चालत असतानाच डंप काढून ठेवला, तर हा प्रश्नच येत नाही.

[फळीवरचा जुना बोर्ड खाली उतरतो. धूळ फुंकली जाते.]

हा पेंटियमच्या जमान्यातला. इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या चिपा. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने अशाच बोर्डांच्या बायोसमध्ये कचरा लिहिला होता. पण नीट बघा, चिप खोबणीत आहे. हाताने काढा, दुसरी बसवा. त्या काळी काही बोर्डांवर लिहिणं बंद करणारा जंपर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपीही असायची. पुढे बहुतेक बोर्डांवर चिप सोल्डर केली गेली आणि ही सोय गेली. आमच्या मते ही प्रगती नव्हे, काटकसर होती, तीही गिऱ्हाइकाच्या खर्चाने.

गेलेल्या सोयीची थोडी भरपाई या बटणाने केली.

[नव्या बोर्डाची मागची बाजू. बटण, शेजारी खूण केलेला यूएसबी पोर्ट.]

असूसवाले याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतात, गिगाबाइटवाले क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआयचं फ्लॅश बायोस बटण. प्रोसेसर नाही, रॅम नाही, फक्त वीजपुरवठा जोडलाय. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव, आणि पेन ड्राइव्ह खुणेच्याच पोर्टमध्ये. बटण दाबलं… दिवा लुकलुकतोय. बोर्डावरची वेगळी छोटी चिप फाइल वाचून बायोस लिहितेय. नवा बोर्ड घेताना आरजीबी दिव्यांआधी हे बटण विचारा.

अपडेट टाळावं म्हणाल, तर ते दर वेळी परवडत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं इंटेलने मान्य केलं. त्यावरचा उपाय बायोस अपडेटमधूनच आला.

[घरातला इन्व्हर्टर, मागची बाजू.]

अपडेटच्या मध्येच वीज जाऊन घोळ नको, म्हणून घरी इन्व्हर्टर असेल, तर मागचा स्विच ‘यूपीएस’वर आहे ना, बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात कंप्युटर रीस्टार्ट होतो. बोर्डाच्या कडेला छापलेला रिव्हिजन नंबरही वाचा. मॉडेल तेच, रिव्हिजन वेगळं, की फाइल वेगळी. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्याहून जास्त वेगाने चालवणं, काढा. अपडेट विंडोजमधून नको, बायोसच्या मेनूतून करा. डिस्कला विंडोजचं कुलूप, म्हणजे बिटलॉकर असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसली, तर बोर्ड जिवंत होऊनही डिस्क बंदच राहते.

[टेबलावरचा बोर्ड. क्लिप निघते. सेल बसतो. बटण.]

स्क्रीन अजून काळीच आहे. हा डीडीआर५ रॅमचा बोर्ड, पहिल्या वेळी रॅम जुळवायला काही मिनिटं घेतो. बटणाला हात लावू नका.