विमानाच्या पोटातले हातपाय

नमस्कार, श्रोतेहो. रूप बदलणारे लढाऊ विमान, म्हणजे आकाशात विमान असणारे आणि जमिनीवर उतरताच हातपाय असलेला यंत्रमानव होणारे यान, ही विज्ञानकथेतली कल्पना आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी दूरचित्रवाणीवर किंवा खेळण्याच्या रूपात पाहिलेली असेल. या कल्पनेचा सर्वांत विचारपूर्वक काढलेला आराखडा आणि त्याला आधार देणारी खरीखुरी विमाने यांच्यातील नाते आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस' ही ३६ भागांची अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. तिच्यातील व्हीएफ-१ वाल्किरी हे विमान शोजी कावामोरी या संकल्पनाकाराने रेखाटले, आणि त्या वेळी त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. कथेत माणसाची गाठ त्याच्या पाच-सहा पट उंचीच्या परग्रहवासीयांशी पडते, आणि त्यांच्याशी समोरासमोर लढता यावे म्हणून विमानाला मानवी आकार घ्यावा लागतो. कथेने दिलेले हे कारण पुरेसे असले, तरी माझे लक्ष वेधून घेते ती आराखड्यातील काटकसर. वाल्किरीतील बहुतेक प्रत्येक अवयवाला दोन्ही रूपांत काम नेमून दिलेले आहे. दोन इंजिनांचे लांबट कोश हेच पाय होतात, मागच्या झोतनळ्या पावले होतात, नाक दुमडून धडाचा भाग होते आणि पंख पाठीशी मिटतात.

हे साधले, कारण मूळ नमुनाच तसा निवडलेला होता. वाल्किरीचा चेहरामोहरा अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटवरून घेतलेला आहे. डिसेंबर १९७० मध्ये पहिले उड्डाण केलेल्या या विमानाची दोन्ही इंजिने एकमेकांना चिकटून बसवलेली नाहीत. ती दोन बाजूंना, स्वतंत्र कोशांत बसवलेली आहेत आणि त्यांच्यामध्ये विमानाच्या पोटाखाली बोगद्यासारखी मोकळी जागा राहते. वरच्या बाजूचा रुंद सपाट भाग पंखाप्रमाणे विमानाला उचलून धरण्यास मदत करतो, आणि खालच्या बोगद्यात फिनिक्स ही लांब पल्ल्याची चार अवजड क्षेपणास्त्रे ओळीने टांगता येत. आता वाल्किरीचे पोट आठवून पाहा. दोन कोशांमधल्या त्याच जागेत यंत्रमानवाचे दोन्ही हात घडी घालून ठेवलेले असतात. टॉमकॅटमध्ये इंजिने आधीच पायांसारखी वेगळी होती आणि हात ठेवायला कोनाडाही आधीच तयार होता. कावामोरीच्या चित्रकौशल्याइतकेच कौतुक मला त्याच्या या नजरेचे वाटते. नामकरणातही त्याने हेच केले. अमेरिकी नौदलात 'व्हीएफ' ही अक्षरे लढाऊ विमानांच्या तुकडीला लावली जात; मालिकेत त्यांचाच अर्थ रूप बदलणारे लढाऊ विमान असा झाला. व्हीएफ-८४ या तुकडीच्या टॉमकॅटवरील काळ्या शेपटीवरची कवटी तर मालिकेतील नायकांच्या तुकडीचे चिन्ह होऊन बसली.

टॉमकॅट स्वतःही रूप बदलणारे विमान होते, हे येथे सांगितले पाहिजे. विमानवाहू नौकेच्या आखूड धावपट्टीवर उतरताना वेग कमी ठेवावा लागतो आणि त्यासाठी लांब, जवळजवळ सरळ पसरलेले पंख हवेत. ध्वनीच्या वेगापलीकडे जाताना मात्र तेच पंख हवेचा प्रचंड विरोध ओढवून घेतात, म्हणून ते मागे कललेले असावे लागतात. टॉमकॅटचे पंख २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत मागे फिरत, आणि नौकेवर उभे करताना जागा वाचावी म्हणून ७५ अंशांपर्यंत नेता येत. कोणत्या क्षणी किती कल हवा, हे विमानावरचा संगणक वेग पाहून ठरवीत असे. आपल्याकडे नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या मिग-२७ विमानांचे पंखही असेच फिरत. तेथे पंखाच्या तीन ठरलेल्या स्थितींपैकी एक वैमानिकाला स्वतः दांडा सरकवून निवडावी लागे. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला ही विमाने भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली.

या फिरत्या पंखांची किंमत मात्र जबर होती. विमानाचा सारा भार पंखांवर तोललेला असतो, आणि पंख फिरता ठेवायचा म्हटले की तो सारा भार एका सांध्यातून पलीकडे न्यावा लागतो. त्यासाठी टॉमकॅटच्या मध्यभागी टायटॅनियमची जोडणी करून एक भक्कम पेटी बसवावी लागली. वजन वाढले, देखभाल वाढली, बिघडू शकणाऱ्या भागांची संख्याही वाढली. पुढे संगणकाच्या साहाय्याने विमानाचे नियंत्रण करता येऊ लागले आणि इंजिनांची ताकद वाढली, तेव्हा स्थिर पंखांनीच पुरेसे काम भागू लागले, आणि फिरते पंख नव्या लढाऊ विमानांतून मागे पडले. केवळ दोन सांध्यांची ही कथा आहे. वाल्किरीत नाक, खांदे, गुडघे, पंख आणि शेपटी असे कितीतरी सांधे आहेत. मालिकेच्या माहितीनुसार तिचे रिकामे वजन सव्वातेरा टनांच्या आसपास आहे, आणि तीव्र वळण घेताना वजन नऊपट भासते असे धरले, तर सुमारे १२० टनांचा ताण या बिजागऱ्यांनी सोसायचा आहे.

इंधनाचा प्रश्न याहून अवघड आहे. टॉमकॅटच्या धडात आणि पंखांत मिळून सुमारे सात टन इंधन भरले जाई. जे धड दुमडते त्यात एवढ्या टाक्या कोठे बसवायच्या, आणि प्रत्येक सांध्यातून इंधनाच्या नळ्या कशा न्यायच्या? मालिकेने येथे अणुसंमीलनावर चालणारी इंजिने गृहीत धरली; हवेत असताना ती बाहेरची हवा तापवून मागे फेकतात आणि विमानाला इंधनाच्या मोठ्या साठ्याची गरज उरत नाही. माझ्या मते संपूर्ण आराखड्यात वाचकाने वा प्रेक्षकाने विश्वासावर मान्य करावी अशी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती नेमक्या अडलेल्या जागी योजलेली आहे.

१९९४ च्या 'मॅक्रॉस प्लस' या पुढच्या कथेत दोन नमुना विमाने एकाच कंत्राटासाठी झगडतात. त्यामागे १९९० मध्ये उडालेल्या वायएफ-२२ आणि वायएफ-२३ या अमेरिकी नमुना लढाऊ विमानांच्या स्पर्धेची छाया उघड दिसते, आणि त्यांतल्या एका विमानाचे पुढे झुकलेले पंख एक्स-२९ या प्रायोगिक विमानाची आठवण करून देतात. परंतु याच काळात खरे विमानशास्त्र उलट दिशेला वळले होते. रडारला चुकवायचे असेल, तर पृष्ठभागावरची प्रत्येक फट, प्रत्येक कडा आणि प्रत्येक उघडणारे झाकण हे शत्रूला खूण देणारे ठरते, आणि ज्याचे अंगच फटींनी भरलेले आहे असे विमान त्या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

तरीही वाल्किरीचे एक रूप असे आहे की ज्याच्याजवळ खरी विमाने पोहोचली. विमान आणि यंत्रमानव यांच्यामधल्या त्या रूपाला मालिकेत गर्वॉक म्हणतात. त्यात धड विमानाचेच राहते आणि इंजिनांचे पाय पक्ष्याच्या पायांसारखे गुडघ्यात वाकून खाली येतात. झोताचा रेटा खाली वळल्यामुळे यान एका जागी तरंगू शकते, आणि भर वेगात पाय पुढे काढून एकाएकी थांबूही शकते. हे तत्त्व खऱ्या आकाशात आधीच सिद्ध झाले होते. हॅरियर या जागेवरून सरळ वर उडू शकणाऱ्या लढाऊ विमानाच्या एकाच इंजिनाला चार फिरती तोंडे होती. पुढच्या दोहोंतून थंड हवा आणि मागच्या दोहोंतून तप्त झोत बाहेर पडे, आणि चारही तोंडे गुरुत्वमध्याच्या भोवती असल्यामुळे विमानाचा तोल राहत असे. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमाने १९८३ पासून २०१६ पर्यंत गोव्यात दाबोळीच्या हंसा तळावर होती, आणि त्या परिसरातील ज्या श्रोत्यांनी त्यांना हवेत स्थिर उभे राहताना पाहिले असेल, त्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल.

एफ-३५बी या अमेरिकी लढाऊ विमानाने मात्र झोतनळीच वाकवली. त्याची मागची नळी तिरप्या कापलेल्या तुकड्यांची आहे. ते तुकडे एकमेकांवर फिरले की नळी गुडघ्यासारखी खाली वळते. पण एवढ्याने भागत नाही, कारण रेटा केवळ शेपटीकडून मिळाला तर नाक खाली कोसळेल. वाल्किरी हा तोल मांड्या पुढे झुकवून, पावले पोटाखाली आणून साधते. खऱ्या अभियंत्यांना वैमानिकाच्या पाठीमागे एक मोठा आडवा पंखा बसवावा लागला, जो पुढे जाणाऱ्या नेहमीच्या उड्डाणात केवळ ओझे म्हणून वाहिला जातो. १८ मार्च २०१० रोजी एफ-३५बी प्रथमच सरळ खाली उतरले, तेव्हा त्याच्या पाठीवरचे झाकण उभे उघडलेले होते आणि मागची नळी वाकून जमिनीकडे रोखलेली होती.