वाळवीचं घराणं झुरळांचं

वारूळ दिसलं की आपल्याला आधी साप आठवतो, मग मुंग्या. आपल्याकडची मोठी वारुळं मात्र बहुतेक वाळवीनं बांधलेली असतात, आणि वाळवी ही मुंगी नव्हे. मुंगीचं नातं गांधीलमाशीशी आणि मधमाशीशी. वाळवी निघाली झुरळांच्या घराण्यातली. मला आज बोलायचंय ते या नात्याबद्दल, कारण वाळवी एकत्र का राहते याचं उत्तर त्यातच आहे.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. त्यातला एखादा तळहातावर घेऊन बघा. वाळवी असेल तर चारही पंख सारख्या लांबीचे दिसतील. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान असतात. मुंगीची कंबर बारीक, वाळवीची छाती आणि पोट सलग. मुंगीच्या मिशा मध्येच मोडल्यासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या म्हणजे मण्यांची सरळ माळ.

वाढ तर अगदीच निराळी. मुंगी अळी होते, कोषात जाते, मग मुंगी होते. वाळवीच्या अंड्यातून थेट छोटी वाळवी बाहेर येते आणि कात टाकत टाकत मोठी होते, झुरळाच्या पिलासारखीच. मुंग्यांच्या कामकरी सगळ्या माद्या. वाळवीत नर-मादी दोघंही राबतात. मुंगीचा नर मीलनानंतर लवकरच मरतो. वाळवीचा राजा राणीजवळ वर्षानुवर्षं राहतो, आणि मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

आता मुख्य दुवा. उत्तर अमेरिकेत आणि पूर्व आशियात क्रिप्टोसर्कस नावाचं झुरळ सडक्या ओंडक्यात राहतं. लाकूडच खातं. पण लाकडातला सेल्युलोज पचवायला त्याला पोटातल्या एकपेशीय जीवांची मदत लागते. १९३४ मध्ये क्लीव्हलँड या शास्त्रज्ञानं या जीवांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक वाळव्यांच्या पोटात त्यांचेच भाईबंद सापडतात. नवजात पिलाच्या पोटात ते नसतात. आईबापांच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाटून पिलू ते मिळवतं. म्हणजे पिलाला आईबापांजवळ राहणं भागच! क्रिप्टोसर्कसचं जोडपं पिलांना वर्षानुवर्षं सांभाळतं. अशा वाळव्यांत तर प्रत्येक वेळी कात टाकताना हे जीव निघून जातात आणि सोबतिणींकडून पुन्हा घ्यावे लागतात. एकटी वाळवी भरल्या लाकडात उपाशी मरेल. एवढी मोठी वसाहत या देण्याघेण्यातून उभी राहिली, असं मला ठामपणे वाटतं.

तरीही वाळवीला दीर्घकाळ आयसोप्टेरा हा स्वतंत्र गण, म्हणजे कीटकांच्या वर्गीकरणातला वेगळा मोठा गट, दिलेला होता. २००७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या इन्वर्ड, बेकालोनी आणि एगल्टन यांनी डीएनएच्या आधारे दाखवलं की वाळवीची शाखा झुरळांच्या आतच फुटते आणि क्रिप्टोसर्कस तिचं सर्वांत जवळचं भावंड. खंडोबाचा किडा त्या मानानं लांबचा चुलत. उत्तर ऑस्ट्रेलियातली मॅस्टोटर्मिस ही वाळवी आजही अंडी सुटी न टाकता झुरळासारखी एकत्र चिकटवून घालते.

आपल्या शेताबांधावर वारुळं बांधणाऱ्या ओडोन्टोटर्मिस या वाळवीच्या पोटात मात्र ते एकपेशीय जीव उरलेले नाहीत. तिनं पचनाचं काम बुरशीवर सोपवलंय. चावलेल्या पालापाचोळ्याचे सच्छिद्र गोळे ती वारुळात रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, चढ्या भावानं विकली जाणारी अळंबी ही याच बुरशीची. माणसाला तिची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही. वाळवी मेली की गोळ्यांवर दुसऱ्याच बुरश्या चढतात. तेव्हा अळंबी जरूर खुडा, पण त्यासाठी वारूळ खणू नका.